आवलीची भाकरी आणि पत्रिकेतील नावे

‘संगीत देवबाभळी’ हे नाटक पाहून आलेली माळकरी मंडळी बहुधा दोन तऱ्हेने बोलतात. कोणी म्हणतो, डोळ्यांचे पाणी खळले नाही. कोणी म्हणतो, रखुमाईमातेच्या तोंडी असला रुसवा घालायला नको होता. प्राजक्त देशमुख यांनी लिहिलेले आणि बसविलेले हे नाटक आधी एकांकिका म्हणून स्पर्धांत वावरले, २०१७ साली व्यावसायिक रंगभूमीवर आले, आणि पुढे त्याचे पाचशे प्रयोग झाले. रंगमंचावर दोनच स्त्रिया. भंडाऱ्यावर भाकरी घेऊन निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो, पांडुरंग तो काढतो, आणि तिच्या सोबतीला रखुमाई लखूबाई होऊन देहूच्या घरी येते. कथानक म्हणाल तर एवढेच. आपल्या कीर्तनांतून शेकडो वेळा ऐकलेले.

मला मात्र हे नाटक भक्तीइतकेच पोटाचे वाटले. एक माणूस डोंगरावर बसून अभंग करतो आहे, आणि दुसरे माणूस खाली चूल पेटवून, भाकरी थापून, पोटुशी असताना ती चढण चढते आहे. अभंग जगाला मिळाले. भाकरीचा हिशोब कोणी ठेवला?

हे आज लिहिण्याचे कारण सांगतो. नाटकवाल्या तरुणांत एक प्रश्न नेहमी चर्चेला असतो. मोठ्या निर्मात्याच्या आश्रयावाचून, स्वतःच्या मनाचे नाटक करणारा मनुष्य जगतो कसा? आणि पोट भरता भरता त्याची कला जिवंत राहते कशी? माझा एक भाचेनातू पुण्यात असली नाटके करतो, त्याच्या मित्रमंडळींत बसलो असता हा विषय माझ्या कानांवर पडतो. उत्तरे ठरलेली असतात. कोणी म्हणतो सरकारी अनुदान, कोणी म्हणतो दूरदर्शनच्या मालिकांत चार दिवस काम करावे आणि त्यावर चार महिने नाटक करावे, कोणी शाळांत शिबिरे घेतो. प्रश्न मात्र दर वेळी एकट्या माणसाचा असतो. कलावंत कसा जगतो? सज्जनहो, वारकरी कीर्तन ज्याने उभ्याने केले आहे त्याला हा प्रश्नच अर्धवट वाटेल. आपला कीर्तनकार एकटा उभा राहूच शकत नाही. मागे टाळकरी उभे, शेजारी मृदंगी, सोबत विणेकरी. त्यांनी चाल उचलली नाही तर बुवांचा प्रपंच पहिल्या चरणातच आटोपतो.

तेव्हा आधी संतांच्या घरी जाऊ. आपल्याकडे या विषयावर ठरलेले बोलणे असे, की संतांनी कलेवर पोट भरले नाही. सावतोबांचा मळा होता, गोरोबांचे चाक होते, नरहरींची सोनारी, सेनामहाराजांची धोकटी, नामदेवरायांच्या घरी शिंपीकाम. तुकोबांनी तर कीर्तनाच्या मोबदल्यात द्रव्य घेणारा आणि देणारा, दोघांनाही एकाच तराजूत घातले, आणि त्या गावचे अन्न, गळ्यातला हार, जनावराची वैरण यांपर्यंत नियम केला. हे सगळे खरे आहे आणि मला शिरोधार्य आहे. परंतु या बोलण्यात एक गाळलेली जागा आहे, आणि ‘देवबाभळी’ने नेमके त्या जागेवर बोट ठेवले, म्हणून ते नाटक मला मोठे वाटते.

तुकोबांचे दुकान होते, महाजनकी होती, सावकारी होती. दुष्काळात थोरली पत्नी गेली, पोर गेले. पुढे वैराग्य आले तेव्हा भावाचा वाटा वेगळा काढून आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली. आपण हा प्रसंग सांगताना टाळी घेतो, आणि घ्यावीही. पण खते बुडाली म्हणजे घरात येणारे पैसे बुडाले. त्यानंतर चूल कशावर पेटली? महिपतींच्या परंपरेत एक कथा आहे. जिजाईने, म्हणजे आवलीनेच, स्वतःच्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून नवऱ्याला व्यापाराला धाडले. त्याचे अडीचशे झाले, आणि परतीच्या वाटेवर ते एका अडलेल्या ब्राह्मणाच्या हाती गेले. कीर्तनात आपण येथे तुकोबांचे औदार्य रंगवतो. कर्ज कोणाच्या नावावर होते, हे वाक्य घाईने उरकतो. सावकार दारात आला तेव्हा उंबऱ्यात कोण उभे होते, हे कोणी वर्णिलेले मी तरी ऐकले नाही.

तुकोबांना उणे करण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांचा अधिकार आकाशाएवढा. मी आपल्या कीर्तनपरंपरेच्या एका खोडीबद्दल लिहितो आहे. कित्येक फडांवर पिढ्यान्‌पिढ्या आवली म्हणजे हशा पिकविण्याची जागा झाली. कजाग बायको, देवाला शिव्या देणारी बायको, हातवारे करून सांगितली की मांडव हसतो. माझ्या गुरुजींनी पहिल्याच वर्षी बजावले होते, “आवलीवर हशा घेणार असशील तर कुणाचा शिष्य ते सांगू नकोस.” ते का म्हणाले ते त्या वेळी नीट कळले नव्हते, पण आज्ञा म्हणून पाळले. नाटकातली आवलीही देवाला बोल लावते. फरक इतकाच की तेथे कोणी तिला हसत नाही. ती वैतागते त्यामागे दिवसभराचे काम दिसते. पाणी, दळण, पोरे, आणि डोंगर. लेखकाने तिला साध्वी करून कोनाड्यात बसविले नाही, हे त्याचे सर्वांत चांगले काम.

आता दोषही सांगतो, नाहीतर ही नुसती स्तुती होईल. नाटकात आवलीची पाठ शेकायला साक्षात रखुमाई येते. फार गोड कल्पना आहे, आणि दोन बायकांचे दुःख शेजारी शेजारी मांडण्यासाठी ती उपयोगाचीही आहे. पण प्रेक्षकाला त्यातून सुटका मिळते. देवानेच सोय केली म्हटल्यावर आपल्याकडे करण्यासारखे काय राहिले? घरोघरीच्या आवलीकडे लखूबाई येत नाही. नाट्यगृहातून डोळे पुसत बाहेर पडणाऱ्या किती गृहस्थांनी घरी जाऊन विचारले असेल, की आपण तालमीला, भजनाला, वारीला जातो तेव्हा मागे काय काय होते? नाटकाने तेवढे टोचायला हवे होते. काटा देवाने फार लवकर काढला.

संतांनी धंदा सोडला नाही, त्याच वाटेने आपल्या काळातही थोर माणसे गेली. मामासाहेब दांडेकर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे प्राचार्य. पोट पगारावर आणि सेवा पंढरीची. नाटकातही हेच घडले, याचे मला नवल वाटत आले आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. त्या नाटकाने आपल्या कीर्तनाचे, दशावताराचे, तमाशाचे ढंग उचलले, आणि काय उचलले ते समजून उचलले. ते बसविणारे जब्बार पटेल दौंडला लहान मुलांचे डॉक्टर, नाना फडणवीस करणारे मोहन आगाशे मनोविकारांचे डॉक्टर. त्याच मेळ्यातले नाटककार सतीश आळेकर वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनाच्या कामावर. मुंबईत अमोल पालेकर बँकेत कारकून होते. विजय तेंडुलकर वर्तमानपत्रांत, महेश एलकुंचवार नागपूरला इंग्रजीचे प्राध्यापक. उलट डॉ. श्रीराम लागू यांनी १९६९ साली चालता दवाखाना सोडून पूर्ण वेळ नाटक धरले. पण त्यांच्यासारखे थोडे. एरवी मराठी प्रायोगिक नाटक उभे राहिले ते महिन्याच्या पगारावर. संध्याकाळी कचेरी सुटली की तालीम, रात्री शेवटची लोकल.

मला हे सारे आदरणीय वाटते. फक्त पगाराने अन्न मिळते, वेळ मिळत नाही. कचेरीनंतरचे चार तास कोठून आले? घरातूनच आले. मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची औषधे, रॉकेलची रांग ज्यांनी सांभाळली त्यांनी ते चार तास दिले. नाटकाच्या इतिहासाची पुस्तके मी जमेल तेवढी वाचली आहेत. त्यांत हे देणे क्वचितच जमेला धरलेले असते. अर्पणपत्रिकेतली एक ओळ, बस्स.

एक अपवाद मात्र आवर्जून सांगावासा वाटतो, कारण तो पंढरीत घडला. मुंबईला १९७१ साली ‘आविष्कार’ ही संस्था निघाली. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून तिने जी नाटके करू दिली, स्वतःची आणि दुसऱ्यांचीही, त्यावरून त्या सगळ्या चळवळीलाच शाळेचे नाव पडले. सुलभा देशपांडे या त्याच शाळेत शिक्षिका होत्या. जागा मिळणे, टिकणे, दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आत ती मोकळी करून देणे, यांवर ती रंगभूमी तगली. पुढे मुक्काम माहीमच्या महापालिका शाळेत हलला. आणि या सगळ्या काळात खुर्च्या, तिकिटे, परवाने, चहा, दौरे ज्यांनी सांभाळले ते अरुण काकडे. पडद्यामागचा माणूस. २०१४ साली अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन पंढरपुरास भरले तेव्हा अध्यक्षपदी त्यांना बसविले. त्या वर्षी नाटकवाल्यांनी मोठ्या नटाऐवजी सतरंज्या मोजणाऱ्याला मान दिला, तोही चंद्रभागेच्या तीरी. आपल्या भाषेत सांगायचे तर टाळकऱ्याला नारदाच्या गादीसमोर आणून हार घातला. आपल्यापैकी किती फडांना हे सुचते?

ती पगाराची व्यवस्थाही आता राहिली नाही. आजच्या मुलाला बँकेत कायमची जागा मिळत नाही, मिळाली तर पाच वाजता सुटत नाही. मालिकेचे काम मिळते तेव्हा पहाटेपासून रात्रीपर्यंत असते, आणि सुटते तेव्हा एका दिवसात सुटते. म्हणून ती मुले दहा ठिकाणी दहा कामे करतात. त्यांना आपण चंचल म्हणू नये. सावतोबांचा मळा तरी एका जागी होता.

याउलट एक वाट कोकणात आहे. सिंधुदुर्गातील दशावताराच्या कंपन्या कार्तिकापासून देवळा-देवळांच्या जत्रांतून फिरतात. रात्रभर खेळ, संवाद लिहिलेले नाहीत, ज्याचा त्याने रंग लावायचा, पुरुषानेच पातळ नेसून पार्वती व्हायचे. पाऊस लागला की तेच हात भातशेतीत. तेथे प्रेक्षक गोळा करावा लागत नाही, कारण जत्रा देवाची असते आणि खेळ देवाच्या दारी ठरलेला असतो. कलावंताला सर्वांत जास्त आधार कशाचा होत असेल तर पुढच्या वर्षी याच तिथीला याच अंगणात आपली वाट पाहिली जाईल या खात्रीचा. आपले अखंड हरिनाम सप्ताह हीच खात्री देतात. शहरातल्या नाटकाला तिथी नाही, प्रत्येक प्रयोग पहिल्यापासून जमवावा लागतो. माझ्या भाचेनातवाला मी एकदा म्हणालो, तुम्ही नाटक बसवता, सप्ताह बसवत नाही. तो हसला. मी थट्टा केली नव्हती.

तमाशाचे नाव काढले की आपल्यातले काही कपाळाला आठ्या घालतात. घालू द्या. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास राहुट्या पडतात, गावोगावचे पंच येऊन यात्रेच्या सुपाऱ्या देतात. फडमालक व्याजाने पैसे काढून कलावंतांना उचल देतो, आणि हंगाम बुडाला तर सगळा फड कर्जात बुडतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याविषयी सांगतात, की खेळ चालू असता आत बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ही गोष्ट सांगताना लोक त्यांच्या धीराचे कौतुक करतात. मला विचारावेसे वाटते, ते मूल त्या रात्री कोणी धरले? राहुटीत जी कोणी बाई होती, तिचे नाव कोणाला ठाऊक आहे? विठाबाईंना राष्ट्रपतींचा सन्मान मिळाला, २००२ साली त्या गेल्या त्या विपन्नावस्थेत, आणि आता शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव देते. त्यांचे निदान नाव उरले.

नाव उरणे म्हणजे मोठेपणा नव्हे. ते पोटाचेही असते. कसे ते २०२० साली दिसले. त्या आषाढीला पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. सप्ताह बंद, जत्रा बंद, नाट्यगृहांना कुलूप. ज्या कीर्तनकारांचे नाव होते त्यांनी मोबाइलवर कीर्तने केली, आणि काहींचा श्रोता तर वाढला. त्यांच्या मागे उभे राहणारे टाळकरी घरीच बसले. मोबाइलच्या चौकटीत एक मृदंग आणि एक पेटी मावली, बाराजण मावले नाहीत. आमच्या बाजूच्या एका मृदंग्याने ते दोन उन्हाळे वीटभट्टीवर काढले. हात सुजले की मृदंग वाजवणे जमत नाही, हे जाणकारांना सांगायला नको.

आता आपल्या अंगणात येतो. बिदागीचे आकडे आज कोठे पोहोचले आहेत ते वाचकांस ठाऊक आहे. मी बोललो तर म्हातारा मत्सराने बोलतो असे होईल. तुकोबांचा नियम अक्षरशः पाळणारे आज थोडे, आणि ज्याला शेत नाही, पगार नाही, आळंदीत चार वर्षे माधुकरी मागून जो शिकला, त्याने प्रवासखर्च व दोन पैसे घेतले तर मी त्याला दोष देणार नाही. जोगमहाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली ती मुले शिकावीत म्हणून, उपाशी मरावीत म्हणून नव्हे. माझा आक्षेप पाकिटावर नाही. पाकीट एकच असते, यावर आहे.

एका गावच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनानंतर मला नारळ, शाल आणि पाकीट मिळाले. माझ्यासोबत सत्तर किलोमीटरवरून आलेल्या मृदंग्याला फक्त नारळ. समितीच्या प्रमुखांना मी बाजूला घेऊन विचारले, तर म्हणाले, “महाराज, वाजवणारे सेवाभावाने येतात.” सेवाभाव असतो हो. पण एस.टी.चा वाहक सेवाभावाचे तिकीट फाडत नाही. आम्ही पाकीट फोडून वाटून घेतले. पंचेचाळीस वर्षे आमचा शिरस्ता तोच होता, आणि तो चालला तोही माझ्या विरक्तीमुळे नव्हे. घरी दोन म्हशी होत्या, सौभाग्यवती पहाटे डेअरीवर दूध घालत होत्या आणि धाकटा भाऊ तीन एकर कसत होता. माझी कीर्तनसेवा दुधावर झाली असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. कोणी नाटकवाला मला विचारतो, बाबा, तुम्ही कसे टिकलात, तेव्हा मी त्याला म्हशींची नावे सांगतो.

सप्ताहाची पत्रिका घ्या हातात. वर संतांची चित्रे, मग सात कीर्तनकारांचे रंगीत फोटो, पुढाऱ्यांचे त्याहून मोठे. खाली बारीक अक्षरात गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार. मंडपवाल्याचे आणि साउंडवाल्याचे नाव न चुकता. टाळकऱ्यांच्या जागी ‘समस्त भजनी मंडळ’. आणि सात दिवस दोन वेळच्या पंगतीच्या भाकऱ्या ज्या घराघरांतून येतात त्या घरच्या बायांच्या जागी ‘समस्त ग्रामस्थ’.

ही गोष्ट कागदापुरती नाही. राज्य शासन वृद्ध कलावंतांना दरमहा मानधन देते. त्याच्या अर्जाला पुरावे लागतात: कात्रणे, फोटो, प्रशस्तिपत्रे, कार्यक्रमाच्या पत्रिका. कीर्तनकाराकडे त्यांची पेटी भरलेली असते. चाळीस वर्षे चाल म्हणणाऱ्या टाळकऱ्याने काय जोडावे? त्याच्या आवाजाचा दाखला कोणत्या कचेरीत मिळतो? असे तीन अर्ज मी गेल्या दोन वर्षांत लिहून दिले, आणि तिन्ही वेळा जुन्या पत्रिका धुंडाळताना ‘समस्त’ या शब्दाशी येऊन अडलो.

यंदा आमच्या गावच्या सप्ताहाची पत्रिका समितीने मला लिहायला दिली. कीर्तनकारांची नावे एका ओळीत घातली, फोटो काढून टाकले. टाळकऱ्यांची एकोणीस नावे गावांसकट घातली. भाकऱ्यांची वाटणी वाड्यावार होते, त्यामुळे बायांची नावे मिळायला अडचण पडली नाही. ती स्वतःच्या नावाने घातली, अमक्याची मंडळी म्हणून नव्हे. दोघींनी नको म्हटले, त्यांची घातली नाहीत. छापखानेवाला म्हणाला, महाराज, एवढ्या नावांनी एक घडी वाढेल. पुढाऱ्यांचे फोटो काढले तेव्हा घडी वाढली नाही. त्यावरून समितीत दोघे माझ्याशी बोलत नाहीत. मृदंग्यासाठी वेगळे पाकीट ठेवायचे की नाही, यावर पुढच्या एकादशीला बैठक आहे.